आणणाऱ्याचा रकाना

३ जून १९५८, मंगळवार

सापडला! उकंडा वल्द चिंध्या, जात महार, राहणार खैरपार.

दीड वर्ष झालं याला शोधतोय, आणि हा कपाटामागे! रेकॉर्ड रूमला चुना मारायचा म्हणून मोठं कपाट सरकवलं, तर मागे अकरा बस्ते निघाले. फडकी कुजलेली, उंदरांनी कोपरे खाल्लेले. वर लिहिलेलं — वणी जिल्हा, सन १९००. आपल्या जिल्ह्याचं नाव १९०५ पर्यंत वणीच होतं, हे कोर्टातल्या शिपायालाही माहीत. आणि मी, बारा वर्षांचा नक्कलनवीस, यवतमाळ लिहिलेल्याच बस्त्यांत डोकं घालून बसलो होतो. अक्कल पाहा!

शिरस्तेदार बबनराव म्हणाले, हे सगळं केव्हाच जाळायला पाहिजे होतं, राहून गेलं. यादी करा आणि दिवाळीच्या आत निकाल लावा. यादी मीच करणार. म्हणजे तोवर उकंड्याची मिसल, त्याच्या खटल्याची कागदपत्रं, माझ्या टेबलावर.

मायला सांगितलं नाही. आधी स्वतः वाचतो.

४ जून

एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको.

उकंडा म्हणजे माझ्या मायचा बाप. खैरपारचा गावमहार, पाटलाकडे रखवालदार. मोठ्या दुष्काळात गावातून गेला तो परत आला नाही. माय तेव्हा अंगावरची पोर होती. माझी आजी बयना तिला घेऊन एकटी राहिली, एकटीच मेली. तो मेला असं कोणी सांगितलं नाही, म्हणून शेवटपर्यंत कुंकू लावायची. आणि शेवटपर्यंत त्याला शिव्या द्यायची. ती गेली तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो, शिव्या चांगल्या आठवतात.

खैरपारात अजूनही दोन गोष्टी सांगतात. एक — उकंड्यानं पाटलाचं धान्य चोरलं. दुसरी — तुरुंगातून सुटल्यावर पादऱ्यानं त्याला बाटवला आणि त्यानं यवतमाळलाच दुसरं घर केलं.

माय यावर कधी बोलत नसे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परत येत होतो. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, माय कोणाच्या तरी ट्रंकेवर टेकलेली. एकदम म्हणाली, “तू कागदात काम करतं. माह्या बापाचं काय झालं थे पाय ना एकडाव. त्यानं घर टाकलं का नाई टाकलं, एवढंच मले पायजे.”

साठीला आलेल्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. तेव्हापासून मागे लागलो आहे.

५ जून

मिसल मोडीत. लिहिणारा कारकून घाईचा होता, अक्षर म्हणजे नुसती मुंग्यांची रांग. दुपारचा डबा तसाच राहिला. उकंड्याचा जबाब जसाच्या तसा उतरवतो —

«मी पाटलाचा रखवालदार. जवारीचे पेव जमिनीत कोठे आहे हे मला ठाऊक. आमच्या वस्तीत सात मुले मेली. आठवे मरू नये म्हणून पेव फोडले. मी एकट्याने फोडले. मीही खाल्ले. कोणाकोणाला दिले ते सांगणार नाही.»

संपलं. एवढाच जबाब.

खाली सहीच्या जागी अंगठा नाही. एक उभी काठी काढली आहे आणि काठीच्या टोकाला छोटं गोल. आधी कळेना. मग उमगलं — गावमहाराच्या हातात घुंगराची काठी असायची, तीच ही. अंगठा सगळ्यांचा सारखाच दिसतो, म्हणून यानं आपली निशाणी काढली असावी. माझा आजा ऐटबाज होता म्हणायचा!

खरं लिहायचं तर मला वाटलं होतं, तो निर्दोष निघेल. पाटलानं खोटा आळ घेतला असेल. तसं काही नाही. फोडलं म्हणतो, फोडलं. दिवसभर थोडा नाराजच होतो. संध्याकाळी सायकलवरून येताना मात्र नाराजी गेली.

६ जून

मायला वाचून दाखवलं. सुपात ज्वारी निवडत होती. हात थांबला नाही. पेव फोडल्याचं ऐकून म्हणाली, बरं केलं. मी म्हटलं, अगं, चोरी कबूल केली त्यानं कोर्टात! तर म्हणे चोरी कायची, जमिनीत सडलीच असती. मग सूप खाली ठेवलं.

“सुटल्यावर घरी काहून नाई आला, थे पाय. मले थे पायजे.”

नलूनं (माझी बायको) आतून टोमणा मारला — जिवंत माणसांच्या नकला पुरत नाहीत म्हणून आता मेलेल्यांच्या घरी आणू लागले.

११ जून

निकाल इंग्रजीत. दोन महिने सक्तमजुरी. मिसलीत शेवटी जेलची एक चिठ्ठी टाचलेली. टाचणीचा गंज कागदाच्या पार गेला आहे. लिहिलंय — १७ मार्चला सुटला. मिशनच्या गरीबखान्यात प्रेतं वाहायला माणसं पाहिजेत असं पादरीसाहेबानं कळवलं, त्यावरून कैदी सुटताच स्वखुशीनं तिकडे गेला.

स्वखुशीनं.

हा शब्द मी चार वेळा वाचला. कोणी जबरदस्ती केली नाही. खैरपार तिथून दोन मुक्कामांवर. बायको घरी उपाशी, आणि हा स्वखुशीनं मिशनमध्ये!

मायला सांगावं लागलंच. ती फक्त “हं” म्हणाली. मग उठून अंगणातली धुणी काढायला गेली. धुणी अजून ओली होती.

२९ जून, रविवार

मिशनच्या चर्चमध्ये गेलो. जुन्या वह्यांच्या कपाटाची किल्ली देवराव मास्तरांकडे असते. मिशन शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, कानानं अधू, बाकी टणक. आधी मला हात धुवायला लावले. मग माझं नाव-गाव-कूळ सगळं विचारलं. बौद्ध झालो म्हटल्यावर हसले. त्यांचा आजाही राळेगावकडचा, वस्तीतलाच. म्हणाले, तुमचा आजा आणि माझा आजा एकाच मेलेल्या ढोरामागे गेले असतील बापा, आपण वेगवेगळ्या दारानं बाहेर पडलो.

बाप्तिस्म्याची वही पाहिली. १९०० ते १९०४. उकंडा नाही. खैरपारचं कोणीच नाही. देवराव मास्तर म्हणतात, नाव बदलतं, नावावर जाऊ नका. मग कशावर जाऊ?

१३ जुलै

बाप्तिस्मा परत पाहिला. लग्नाची वही पाहिली, १९१० पर्यंत. चर्चच्या मयतीची वही १९३० पर्यंत — दुसरं घर केलं असेल तर म्हातारा होऊन मेला असेल, हा हिशेब. वय जुळणारे तीन जण निघाले. तिघांच्याही बापाचं नाव वेगळं.

२७ जुलै

नाही.

१७ ऑगस्ट

खैरपारला गेलो होतो. वस्तीत विहार बांधायचा, त्याची बैठक. मायला चल म्हटलं, ती नाही म्हणाली. माहेरचं गाव, पण ती सहसा जात नाही.

एस. टी. फाट्यावर रामराव भेटला. त्या पाटलाचा नातू, राळेगावच्या शाळेत माझ्या वर्गात होता. चहावाल्यासमोर पाच-सहा जणांत म्हणतो, काय श्रावण, आज्याचा पत्ता लागला काय? आमची जवारी बाकी हाय म्हणाव! मी म्हटलं, माझ्या आज्यानं पेव फोडलं हे कोर्टात स्वतः सांगितलं. तुझ्या आज्याला मात्र पेवात किती होतं ते सांगता आलं नाही, मिसलीत तसं लिहिलंय — कारण सांगितलं असतं तर गाव म्हटलं असतं, एवढं होतं तर माणसं मेली कशी? लोक हसले. रामरावही हसला, वाईट माणूस नाही तो. निघताना बाजूला घेऊन म्हणाला की त्याचा बाप नेहमी सांगे, उकंडा यवतमाळला बाटला आणि बायको करून राहिला. हे गावात आमच्याच घरून पसरलं असन, पण पहिल्यांदा कुठून आलं थे मले माहीत नाई, असंही म्हणाला.

जबाब बरा दिला मी. पण “बायको करून राहिला” हे घरी घेऊन आलो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज बस्ते जाळले. कोर्टाच्या मागच्या अंगणात, बबनरावांच्या समोर. यादी मी वाचत गेलो आणि शिपाई टाकत गेला. उकंड्याची मिसल सदतिसावी. जबाबाची नक्कल माझ्याकडे आहे, ती काठीसुद्धा मी पेन्सिलीनं उतरवून घेतली आहे. तरी त्या ओळीवर जरा थांबलो. बबनरावांनी चष्म्यावरून पाहिलं. मी वाचलं — सदतीस. टाकली.

२ नोव्हेंबर, रविवार

देवराव मास्तरांनी बोलावलं होतं, पण आज्यासाठी नाही. कपाटाच्या तळाला एक वही निघाली — दुष्काळातल्या गरीबखान्याची मयत वही. ती चर्चची नव्हे, त्यात ख्रिस्ती कोणी नाहीत, म्हणून कोणी पाहिली नाही आणि त्यांनी मला दाखवलीही नाही. पानं हात लावताच तुटतात. तुमचं अक्षर चांगलं आहे, रविवारी येऊन नवीन वहीत उतरवून द्या, म्हणाले. उपकार फेडायचे म्हणून हो म्हटलं.

पादऱ्याचं अक्षर सुरेख. पानावर सहा रकाने. तारीख, नाव, वय, कुठला, कशानं मेला, आणणारा. नावाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द — अज्ञात. अज्ञात, अज्ञात, मुलगा अज्ञात, म्हातारी अज्ञात. आज १९०० चा जानेवारी आणि अर्धा फेब्रुवारी उतरवून झाला. हात दुखत नव्हता, पण पुढे लिहवेना.

९ नोव्हेंबर, रविवार

लिहू कसं!

नक्कल करणाऱ्याची एक सवय असते. वाचणारा नाव पाहतो आणि पुढे जातो. नक्कलनवीसाला सगळे रकाने भरावे लागतात, शेवटचासुद्धा. १९ मार्च. अज्ञात बाई, वणी रस्ता, भूक. शेवटच्या रकान्यात — काठी. वर छोटं गोल.

त्याच्याखाली परत काठी. परत काठी. पूर्ण पान काठ्यांनी भरलेलं!

मी इतके महिने माझ्या आज्याला मेलेल्यांत आणि बाटलेल्यांत शोधत होतो. तो आणणाऱ्यांत होता. नाव कुठेच नाही. आमच्या लोकांचं नाव कोण लिहितं! जे काम गावात करायचा तेच इथे करत होता — मेलेलं उचलून आणायचं. आणि मी, ते काम आपण सोडलं म्हणून अभिमानानं सांगणारा माणूस, तिथे बघितलंच नाही.

देवराव मास्तरांना काठी दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि चहा मागवला.

पुढची पानं उलटली नाहीत. भीती वाटली. क्रमानंच उतरवीन.

१६ नोव्हेंबर, रविवार

एप्रिल. एका दिवसात अकरा, एका दिवसात चौदा. बहुतेक त्यानंच आणलेले. मायला सांगितलं की सापडला, प्रेतं वाहत होता. ती म्हणाली, “एकटाच होता?” मी म्हटलं, दुसरेही होते वाहणारे. तिला ते उत्तर नको होतं असं वाटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज जे उतरवलं ते कोणाला सांगणार नाही. इथे लिहितो.

२४ एप्रिल. अज्ञात बाई, वय सुमारे वीस, वणी रस्ता, भूक. आणणारा — काठी. खाली पादऱ्यानं बारीक अक्षरात लिहिलंय. इंग्रजीतून मराठी करतो —

«प्रेताजवळ मुलगी जिवंत, वय सुमारे एक वर्ष. जात, गाव कळत नाही. आमच्याकडे दुधाची सोय नाही. उकंडा म्हणतो, घरी बायको आहे, मूल नाही, ती सांभाळील. पूनमसिंग लमाणाचे बैल राळेगावकडे चालले आहेत, त्यांच्याबरोबर खैरपारला पाठवली.»

बायको आहे, मूल नाही.

एक वर्षाची मुलगी. खैरपार. म्हणजे माझी माय. बयनेच्या पोटची नाही, उकंड्याचीही नाही. रस्त्यावरची.

दौत सांडली. नशीब, जुन्या वहीवर नाही.

२५ नोव्हेंबर

आज कोर्टात एकटाच हसत होतो. बबनराव म्हणाले, बरं आहे ना?

हसू यासाठी — माय आयुष्यभर विहिरीपासून दूर उभी राहिली. कोणीतरी वरून पाणी ओतावं म्हणून घागर घेऊन उभी. महाराची म्हणून. आणि ती कोण होती? कुणबी असेल, तेली असेल, गोंड असेल, बामणसुद्धा असेल! कागद म्हणतो, कळत नाही. नागपूरला जात सोडली म्हणून मी छाती काढून सांगतो, आणि काल दिवसभर मनात हेच — आपण कोण, आपण कोण? लाज वाटली. खरंच लाज वाटली.

पण माझं जाऊ दे. मायचं काय? साठाव्या वर्षी तिला सांगू की बयना तुझी माय नव्हती? बाप शोधून दे म्हणाली होती, आणि मी तिची मायसुद्धा हिरावून घेऊ? नाही. ही नक्कल ट्रंकेत तळाला.

३० नोव्हेंबर, रविवार

२ जून १९००. नावाच्या रकान्यात या वेळी नाव — उकंडा. वय ३०. खैरपार. पटकी. आणणारा — तो रकाना कोरा. आणायचा तोच मेला, मग त्याला कोण आणणार! खाली पादरी लिहितो —

«आमचा माणूस. बाप्तिस्मा घेतला नाही, मी आग्रह केला नाही. पेरणीला घरी जाईन म्हणत असे. आवारात पुरला. खैरपारच्या पाटलास कळविले.»

त्यानंतर वहीत ती काठी नाही.

देवराव मास्तरांसोबत आवारात गेलो. मागे चिंचेखाली सपाट जमीन आहे, दगडबिगड काही नाही. मास्तर म्हणाले, इथेच सगळे.

पाटलाला कळवलं होतं! पाटलाला माहीत होतं! पेव फोडल्याचा राग असा काढला की एका बाईला नवरा मेल्याचं सांगितलं नाही, वर बाटला म्हणून उठवलं. आता रामरावला धरून विचारावंसं वाटतं.

१ डिसेंबर

मायला सांगितलं. समोर बसून, सगळं — एक सोडून. तो बाटला नाही. पळून गेला नाही. अडीच महिने प्रेतं वाहिली, पटकीनं मेला, पेरणीला घरी येणार होता. पाटलानं निरोप दाबला.

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. रामरावकडे जातो म्हटलं तर म्हणाली, त्याचा आजा होता, तो नाई. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिनं विचारलं —

“अजून काई लिवलं हाय का?”

मी म्हटलं, नाही.

“कोण्या बाईचं?”

“नाही, माय.”

“बरं,” म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मला वाटलं होतं, आता तिचं समाधान होईल. झालेलं दिसत नाही.

२२ मार्च १९५९

मयत वहीची नक्कल पूर्ण. तीनशे बारा माणसं. देवराव मास्तरांनी नवीन वहीवर जाड कापडाचं वेष्टण घातलं आणि मला एक पपई दिली.

२ जून १९५९

मायला चिंचेखाली घेऊन गेलो. तिनं त्रिशरण म्हटलं, मेणबत्ती लावली. वाऱ्यानं तीनदा विझली. परत येताना रिक्षात तिनं विचारलं की पादऱ्याच्या वहीत बायकांची नावं असतात का. म्हटलं, असतात, बहुतेक अज्ञात म्हणून. आजकाल तिचं असंच. अर्धं विचारते आणि सोडून देते. मी म्हातारपण समजतो.

२ मे १९६०

काल महाराष्ट्र झाला. आज कोर्टात पेढे. बबनरावांनी भाषण केलं, फार लांबलं. ट्रंक उघडली होती, धोतर काढायला. नक्कल हाताला लागली. परत ठेवली.

१९ फेब्रुवारी १९६१, रविवार

सकाळी शिरगणतीवाले गुरुजी आले. खाट टाकून दिली, चहा झाला. धर्म — बौद्ध. नीट लिहा म्हटलं, नीट लिहिलं त्यांनी. मायचं नाव रुखमाबाई, वय एकसष्ट, विधवा. जन्मठिकाण? मी म्हटलं, खैरपार.

“माहीत नाई, लिवा,” माय म्हणाली.

मी म्हटलं, अगं खैरपार ना! ती परत म्हणाली, माहीत नाई. गुरुजी आमच्या दोघांकडे पाहत बसले. शेवटी तिनं सांगितलं तेच लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

मग ती बोलली. मान खाली घालून, बोटानं जमिनीवर रेघा ओढत.

“बयना माही माय नोती, श्रावण. मी त्याच्या दुसऱ्या बाईची. एका लमाणानं मले बैलावर घालून आणलं, उकंड्यानं पाठवली म्हणे, अन् चालला गेला. बयनेले लेकरू नोतं, तिनं ठेवून घेतलं. पण रोज म्हणे, तुह्या मायपायी माहा नवरा गेला. मारे, जेवू घाले, अन् हेच म्हणे. तू कागदं पाहून राह्यला तं मले भेव लागे, त्या बाईचं नाव निघन म्हणून. अन् निघालं पायजे असंबी वाटे.”

साठ वर्षं! बयनेचं घर मोडल्याचा दोष तिनं साठ वर्षं स्वतःच्या अंगावर वाहिला. मी तिला न सांगण्यात मोठा शहाणपणा केला होता, आणि ती त्या एकाच पानाची वाट पाहत होती. ते पान दोन वर्षं तीन महिने माझ्या ट्रंकेत, धोतराखाली. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

ट्रंक उघडली. २४ एप्रिल वाचून दाखवला. अज्ञात बाई, वय सुमारे वीस. प्रेताजवळ मुलगी जिवंत. घरी बायको आहे, मूल नाही, ती सांभाळील. मायनं परत वाचायला सांगितलं. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा “ती सांभाळील” इथे तिनं हात वर केला, मी थांबलो.

नलू दारात उभी होती. तिनं ऐकलं सगळं. मायजवळ जाऊन बसली.

२० फेब्रुवारी, सोमवार

बापाचं मरण ऐकून माय रडली नव्हती. आज सकाळी चुलीपाशी रडली, जोरात, लहान पोरीसारखी. मी विचारलं, कोणासाठी रडतेस, त्या वणी रस्त्यावरच्या बाईसाठी?

“बयनेसाठी,” म्हणाली. “मरेतोर त्याले शिव्या देत होती. तिले कोणं वाचून दाखवलं नाई.”